मदत कोणाच्या सहीने?

माननीय डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार



शेजारच्या देशात भूकंप झाला, वादळ आले, की भारत सर्वांत आधी पोहोचतो, असे आपण देशात आणि परदेशांत नेहमी सांगता. ते खरे आहे. २००४ च्या डिसेंबरातल्या त्सुनामीत आपल्याच किनाऱ्यावर, तमिळनाडूत आणि अंदमान-निकोबारात, हजारो माणसे गेली होती. तरी नौदलाची मदत श्रीलंकेला तातडीने पोहोचली. मार्च २०२५ मध्ये म्यानमार हादरला आणि दुसऱ्याच दिवशी हिंडनच्या तळावरून निघालेले विमान यांगूनला उतरले. या तत्परतेबद्दल मला शंका नाही आणि हे पत्र तिच्याबद्दल नाहीही.

माझा प्रश्न त्यानंतरच्या आठवड्यांचा आहे. तंबू उभे राहतात, छायाचित्रकार परततात आणि याद्या होऊ लागतात. कोणत्या गावात किती घरे, कोणाच्या नावावर, पैसा कोणत्या खात्यातून, त्या खात्यावर सही कोणाची. जिथे शांतता मुरलेली आहे तिथे हा कारकुनी मामला असतो. जिथे लढाई नुकतीच थांबली आहे, किंवा थांबल्यासारखी दिसते आहे, तिथे यादीतली प्रत्येक ओळ कोणाचा तरी हक्क मान्य करते आणि कोणाचा तरी नाकारते. मदत देणारी राष्ट्रे मात्र सगळीकडे तिला कारकुनीच समजतात. शांततेची बोलणी एका दालनात, मदतीची समन्वय बैठक दुसऱ्या दालनात, आणि मधले दार बंद. माझे म्हणणे एवढेच आहे की असे दार मुळात नसतेच. मदतीचा कारभार कोणी, कुठे बसून, कोणाला विचारून चालवायचा हे ठरवणे हा वाटाघाटींचाच भाग असतो, आणि तो पुढे ढकलला की पुढे ढकलणाऱ्याच्या नावावर दुसरेच कोणी तो उरकून टाकते.

हे आपल्याला सांगणे जरा धाडसाचेच. १९८८ ते १९९० या काळात आपण श्रीलंकेत होता, भारतीय शांतिसेनेचे राजकीय सल्लागार म्हणून. त्सुनामी आली तेव्हा मंत्रालयातला अमेरिका विभाग आपल्याकडे होता. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि भारत यांचा मदतगट त्याच दिवसांत जमला आणि जेमतेम आठवड्याभरात विसर्जितही झाला. आजच्या ‘क्वाड’ची वंशावळ त्या गटापर्यंत नेली जाते. ती सांगताना जहाजांची गोष्ट येते. त्याच समुद्रकाठी पुढच्या सहा महिन्यांत काय घडले, ते सहसा येत नाही. ते आठवण्याजोगे आहे.

आधी थोडे मागे जावे लागेल. २३ फेब्रुवारी २००२ पासून, नॉर्वेच्या मध्यस्थीने, श्रीलंका सरकार आणि तमिळ बंडखोर संघटना लिट्टे यांच्यात शस्त्रसंधी लागू झाली. सप्टेंबरात थायलंडमध्ये बोलणी सुरू झाली. उत्तर-पूर्वेची पडझड दुरुस्त करण्यासाठी दोन्ही बाजूंची एक उपसमिती ठरली, जागतिक बँकेने सांभाळायचा एक निधीही ठरला. मग एप्रिल २००३ मध्ये, टोकियोला भरणाऱ्या मोठ्या देणगीदार परिषदेची पूर्वतयारी म्हणून, वॉशिंग्टनला एक बैठक झाली. लिट्टेवर अमेरिकेत बंदी, म्हणून लिट्टेला बोलावणे नाही. २१ एप्रिलला लिट्टेचे मुख्य वाटाघाटीकार अँटन बालसिंघम यांनी पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांना पत्र पाठवून बोलणी स्थगित केली. कारणे आणखीही होती. जाफन्यातल्या लष्करी सुरक्षा क्षेत्रांमुळे घरी परतू न शकलेली माणसे होती, ठरून न झालेली कामे होती, आणि रागावण्यासाठी लिट्टेला कारणाची उणीव कधीच पडली नाही. तरीही निमित्त मिळाले ते पूर्वतयारीच्या बैठकीच्या जागेवरून. नवऱ्याच्या मामाला पंगतीत भलत्याच ठिकाणी बसवले म्हणून वऱ्हाड उठून गेल्याच्या गोष्टी आपल्याकडे चवीने सांगतात. इथे मांडव वीस वर्षांच्या युद्धावर घातलेला होता आणि पंगतीची यादी कोणा अधिकाऱ्याने सोयीचे शहर पाहून केली होती.

जूनमध्ये टोकियोत साडेचार अब्ज डॉलर जाहीर झाले, चार वर्षांसाठी. जपान, अमेरिका, युरोपीय संघ आणि नॉर्वे हे सहअध्यक्ष. पैसा शांतता प्रक्रियेतल्या प्रगतीशी बांधलेला असेल, अशी अट घातली गेली. ज्या पक्षाला बांधायचे तोच परिषदेला आला नव्हता. त्यामुळे अट ठरावात राहिली. पैशाच्या आशेने दोन्ही सेना शहाण्या होतील, हा हिशेब करणाऱ्यांनी लिट्टेप्रमुख प्रभाकरन यांचा स्वभाव विचारात घेतला नव्हता आणि दक्षिणेतल्या सिंहली मतदाराचाही नाही. भारत त्या चौघांत बसला नाही. शांतिसेनेचा अनुभव आणि राजीव गांधींची हत्या मागे असताना तसे बसणे अवघड होते हे मान्य. पण बाहेर राहिल्यामुळे आपण या चुकांतून सुटलो, असे मात्र मला वाटत नाही.

पुढच्या दीड वर्षात राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगा यांनी तीन महत्त्वाची मंत्रालये ताब्यात घेतली, निवडणुका होऊन विक्रमसिंघे गेले, जनता विमुक्ती पेरामुना म्हणजे जेव्हीपी सत्तेत भागीदार झाली, आणि पूर्वेचा सेनानी करुणा लिट्टेतून फुटला. २६ डिसेंबर २००४ ची सकाळ या अवस्थेत उजाडली.

श्रीलंकेत तीस हजारांहून अधिक माणसे गेली. दक्षिणेत परलिया इथे लाटेखाली सापडलेली आगगाडी जगाने दूरचित्रवाणीवर पाहिली. पण सर्वाधिक बळी पूर्वेच्या अंपारा जिल्ह्यात होते, आणि तिथे कल्मुनई, साइंदमरुदु, मरुदमुनई या किनाऱ्यावर दाटीने वसलेल्या गावांत बहुसंख्य मुस्लिम. मुल्लैतिवू लिट्टेच्या ताब्यातले. ते गाव जवळजवळ पुसले गेले. म्हणजे सर्वांत मोठा घाव ज्या पट्ट्यावर बसला, तिथे एका बाजूला सरकारची सत्ता, दुसऱ्या बाजूला लिट्टेची, आणि मधल्या गावांत या दोघांपैकी कोणीही आपला नाही असे मानणारे मुस्लिम मच्छीमार आणि शेतकरी.

पहिले काही दिवस माणसे माणसांसारखी वागली. सैनिक आणि लिट्टेचे कार्यकर्ते यांनी काही ठिकाणी एकमेकांना वाट दिली, ट्रक सोडले. जानेवारीत संयुक्त राष्ट्रांचे महासचिव कोफी अन्नान आले. त्यांना लिट्टेच्या भागातही जायचे होते. सरकारने होकार दिला नाही, आणि मुल्लैतिवू न पाहताच ते परतले. पहिल्या आठवड्यांची मोकळीक कुठे संपली हे दाखवायला एवढा एक प्रसंग पुरे आहे. मदतीचा पाहुणा कोणाच्या अंगणात उभा राहतो, यावरून मान्यता मोजली जाऊ लागली होती.

मग सहा महिने एकाच प्रश्नावर घासाघीस झाली: लिट्टेच्या भागात परदेशी पैसा कोणत्या वाटेने जाईल? उत्तर म्हणून जो करार तयार झाला त्याचे नाव पी-टॉम्स, म्हणजे त्सुनामीनंतरच्या कार्यवाहीची व्यवस्थापन रचना. जाफना, किलिनोच्ची, मुल्लैतिवू, त्रिंकोमाली, बट्टिकलोआ आणि अंपारा हे सहा जिल्हे, आणि त्यांतही किनाऱ्यापासून आत फक्त दोन किलोमीटरची पट्टी. वर एक उच्चस्तरीय समिती, मध्ये किलिनोच्चीत बसणारी विभागीय समिती, खाली जिल्हा समित्या. विभागीय समितीत लिट्टेचे पाच, मुस्लिमांचे तीन, सरकारचे दोन सदस्य. परदेशी देणग्यांसाठी एक विभागीय निधी, आणि तो सांभाळायला पुन्हा जागतिक बँक अपेक्षित.

आज तो मसुदा वाचताना त्याची भीती कोणाला का वाटावी, हे पटकन उमगत नाही. दोन किलोमीटर रुंद वाळूवर घरे आणि बोटी कशा वाटायच्या, एवढाच त्याचा आवाका. पण कोलंबोतल्या राष्ट्रवाद्यांना त्यात वेगळ्या राज्याचा पाया दिसला आणि लिट्टेला त्यात मान्यतेचा शिक्का दिसला. दोघेही एकच गोष्ट पाहत होते. अंधारात राहिले ते मुस्लिम. अंपारात सर्वाधिक माणसे त्यांची गेली, समितीत त्यांना तीन जागा दिल्या, पण करारावर सह्या फक्त सरकार आणि लिट्टे यांच्या. रौफ हकीम यांच्या पक्षाने आणि इतर मुस्लिम नेत्यांनी विरोध केला तो याच कारणाने. ज्यांचे गाव वाहून गेले त्यांना इतरांच्या कराराचा लाभार्थी म्हणून नाव मिळाले, पक्षकार म्हणून नाही. मध्यस्थांनी हे कसे चालवून घेतले? मला वाटते, सवयीने. युद्धाचे पक्ष दोन, म्हणून मदतीचे पक्षही दोन, असे गृहीत धरले गेले.

जूनच्या मध्यावर जेव्हीपी सरकारमधून बाहेर पडली. २४ जून २००५ ला सह्या झाल्या. १५ जुलैला, जेव्हीपीच्याच खासदारांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने करारातल्या महत्त्वाच्या कलमांना स्थगिती दिली. किलिनोच्चीतली समिती आणि विभागीय निधी ही त्यांतलीच. १२ ऑगस्टला परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कादिरगामर यांची हत्या झाली. नोव्हेंबरात लिट्टेने आपल्या भागातल्या तमिळांना मतदानापासून दूर ठेवले आणि महिंदा राजपक्षे दोन लाखांहूनही कमी मतांच्या फरकाने निवडून आले. पी-टॉम्सच्या निधीतून एकही घर उभे राहिले नाही. पुढचे आपण जाणता: २००६ पासून पुन्हा युद्ध, जानेवारी २००८ मध्ये शस्त्रसंधीचा औपचारिक शेवट, आणि मे २००९ मध्ये नंदिकडल खाजणाच्या काठी सगळ्याचाच. ते खाजण मुल्लैतिवूपासून हाकेच्या अंतरावर आहे.

या पडझडीचे खापर एकट्या देणगीदारांवर फोडणे अन्याय होईल. लिट्टे ही माणसे मारून पक्ष चालवणारी, मुलांना फौजेत ओढणारी संघटना होती. तिच्या छत्राखालच्या पुनर्वसन संस्थेला थेट पैसा द्यायला कोणताही जबाबदार देश कचरला असता. पण देणगीदारांनी स्वतःच्या हातातले साधन कसे घालवले, हे पाहण्यासारखे आहे. टोकियोत अट घालून पैसा रोखायचा प्रयत्न झाला होता. त्सुनामीनंतर तो नैतिकदृष्ट्या शक्यच नव्हता, आणि इतका पैसा येऊ लागला की खर्चायचा कसा हाच प्रश्न झाला. मे २००५ मध्ये कँडीच्या परिषदेत तीन अब्ज डॉलरच्या आसपास आश्वासने मिळाली, आणि पी-टॉम्सवर तोवर सही झालेली नव्हती. जगभरच्या स्वयंसेवी संस्था रस्ता चांगला असलेल्या दक्षिणेत दाटल्या; काही ठिकाणी मच्छीमारांपेक्षा बोटी जास्त झाल्या. सरकारने किनाऱ्यालगत घर बांधायला बंदी घातली, दक्षिणेत १०० मीटर आणि उत्तर-पूर्वेत २०० मीटर. एकाच समुद्रासाठी दोन मापे का, याचे पटेल असे उत्तर बट्टिकलोआच्या कोळ्याला कोणी दिले नाही. हॉटेलांना मात्र वाट मिळाली. हे सारे परदेशी पैशाच्या साक्षीने झाले आणि त्या पैशाने तोंड उघडले नाही.

आणि एक साधन तर तिथे आयतेच होते. लिट्टेच्या ताब्यातल्या किलिनोच्ची आणि मुल्लैतिवूतही जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी, ज्याला तिथले लोक जुन्या सवयीने ‘जीए’ म्हणतात, कोलंबोचा पगारी नोकर होता. शाळामास्तर आणि दवाखान्यांतले डॉक्टर कोलंबोच्याच पगारावर होते. युद्धाच्या ऐन भरातही ही व्यवस्था चालली, कारण दोन्ही बाजूंना ती हवी होती आणि तिचा गाजावाजा कोणालाच नको होता. जानेवारीतच या अधिकाऱ्यांभोवती जिल्हा समित्या बसवल्या असत्या, मशिदीच्या विश्वस्तांना आणि मच्छीमार सोसायट्यांना त्यांत घेतले असते, तर किलिनोच्चीतल्या त्या समितीसाठी सहा महिने थांबावे लागले नसते. टिकले असते का? सांगता येत नाही. पण न्यायालयात आव्हान द्यायला तिथे करारच नसता.

नेहमी सुचवले जाणारे उलट उदाहरण इंडोनेशियातल्या आचेचे. त्याच लाटेने तिथे दीड लाखाहून अधिक माणसे नेली. इंडोनेशियाचे सरकार आणि ‘गाम’ ही बंडखोर संघटना १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकीत करारावर आली, फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्ती अहतिसारी यांच्या मध्यस्थीने. गामने ठरल्याप्रमाणे ८४० शस्त्रे निकामी करायला दिली, बाहेरून आणलेले सैन्य वर्षअखेर परत गेले, युरोपीय संघ आणि आसियानच्या पाच देशांनी मिळून देखरेख केली. डिसेंबर २००६ मध्ये गव्हर्नर म्हणून निवडून आलेले इरवांडी युसुफ हे गामचेच. त्सुनामी आली तेव्हा ते बांदा आचेच्या तुरुंगात होते आणि भिंती कोसळल्यामुळे वाचले. असे कथानक कादंबरीकाराने रचले असते तर संपादकाने परत पाठवले असते.

म्हणून मदतीने आचेत शांतता आणली, असे सांगितले जाते. ते तितकेसे खरे नाही. उपराष्ट्राध्यक्ष युसुफ काल्ला यांची पडद्याआडची हालचाल त्सुनामीच्या आधीची होती, अहतिसारींकडे चाचपणीही आधीच झाली होती, आणि २००३ पासूनच्या लष्करी मोहिमेने गाम दमलेली होती. मदतीने जे केले ते असे: आचे परदेशी माणसांना बंद होते, ते उघडले. शिवाय जकार्ताने पुनर्बांधणीसाठी बीआरआर ही एकच संस्था नेमली, तिचे प्रमुख कुंतोरो मंगकुसुब्रोतो यांना मंत्र्याचा दर्जा दिला, आणि कार्यालय राजधानीत न ठेवता बांदा आचेत नेले. पंधरा देणगीदारांनी एका सामाईक निधीत पैसा घातला आणि त्याच्या बैठकींत सरकारबरोबर आचेतले लोकही बसले. इथेही भोक राहिलेच. किनाऱ्यावर लाटेने उद्ध्वस्त झालेल्यांसाठी अब्जावधी, आणि आत डोंगरात युद्धाने जळालेल्या गावांसाठी त्याच्या कित्येक पटींनी कमी. समुद्राने घर नेले तर पक्के घर, सैन्याने जाळले तर अर्जाची प्रत. भारतीय नौदलाचे ‘निरुपक’ आणि ‘खुकरी’ आचेच्या मेउलाबोहला गेले होते. ते दिवस संपल्यावर या दुसऱ्या हिशेबात आपण कुठे होतो?

या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकालाही आपण उभे राहिलेलो आहोत. ८ ऑक्टोबर २००५. काश्मीरचा भूकंप. पलीकडे सत्तर हजारांहून अधिक बळी, अलीकडे हजारावर. भारत-पाकिस्तान संवाद तेव्हा चालू होता, श्रीनगर-मुझफ्फराबाद बस त्याच एप्रिलमध्ये सुरू झाली होती. भारताने हेलिकॉप्टर देऊ केली. पाकिस्तान म्हणाला, द्या, पण वैमानिक आमचे. आपण म्हणालो, वैमानिकांशिवाय नाही. बर्फ पडायला आठवडे उरले होते आणि एकही भारतीय हेलिकॉप्टर पलीकडे गेले नाही. दोन्ही भूमिका समजण्यासारख्या होत्या. लष्करी यंत्रात कोण बसतो हा किरकोळ मुद्दा नव्हे. पण महिनाअखेर नियंत्रण रेषेवर पाच ठिकाणे उघडायचे ठरले आणि ७ नोव्हेंबरला पूंछजवळ पहिले सामान ओलांडून गेले. माणसांना त्या दिवशी जाता आले नाही. पलीकडे जमलेल्या गर्दीवर तिथल्या पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. महिनाभर आधी हे का जमले नाही, याचा अभ्यास मंत्रालयात झाला असेल तर तो जाहीर व्हावा. कोणत्या गोष्टींवर आधीच सहमती हवी, कोणत्या नंतर सोडवता येतात, हे शिकायला याहून जवळचा धडा आपल्याला मिळणार नाही.

जिथे आपले जमले तेही सांगतो, नाहीतर हे पत्र निव्वळ उणीदुणी काढणारे वाटेल. २०१० मध्ये भारताने श्रीलंकेत ५० हजार घरांचे आश्वासन दिले. ४६ हजार उत्तर-पूर्वेत, ४ हजार डोंगरातल्या चहामळ्यांत. घर ठेकेदाराने बांधायचे नाही, घरमालकाने. उत्तर-पूर्वेत त्याच्या बँक खात्यात हप्त्याहप्त्याने साडेपाच लाख श्रीलंकन रुपये, कामाची तपासणी होईल तसे. बहुतेक घरांचे काम संयुक्त राष्ट्रांची वसाहत संस्था, रेड क्रॉस आणि श्रीलंकेचे गृहनिर्माण प्राधिकरण यांच्यामार्फत चालले. मराठी माणसाला या पद्धतीचे मोल वेगळे सांगायला नको. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या ५२ गावांना शिवारापासून दूर नव्या जागी आयती घरे मिळाली आणि हजारो इतर गावांत लोकांनी अनुदान घेऊन आपापली घरे जागेवरच दुरुस्त केली. आयत्या वसाहतींत कोणाचे गोठे कुठे, शेजार कोणाचा, यावरून पुढे किती वर्षे कुरबुरी चालल्या, हे त्या भागात आजही ऐकायला मिळते. श्रीलंकेत आपण ती चूक टाळली. पण लक्षात घ्यावे, ही घरे युद्ध संपल्यानंतरची आहेत. जिंकणारा एक उरल्यावर सही कोणाची हा प्रश्नच उरत नाही.

तो प्रश्न आज म्यानमारमध्ये आहे. २८ मार्च २०२५ च्या ७.७ क्षमतेच्या भूकंपाचा केंद्रबिंदू सागाइंग आणि मंडाले यांच्या मध्ये होता. शहरे लष्कराकडे, आणि सागाइंग प्रदेशातली बरीच खेडी २०२१ च्या लष्करी बंडानंतर उभ्या राहिलेल्या प्रतिकार गटांकडे. काही दिवसांत लष्करविरोधी राष्ट्रीय ऐक्य सरकारने, तीन वांशिक संघटनांच्या आघाडीने आणि शेवटी लष्करानेही तात्पुरती युद्धबंदी जाहीर केली. हल्ले थांबले नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने त्यांची नोंद केली. शान राज्यात चीनच्या रेड क्रॉसचा ताफा येत असताना लष्कराने गोळ्या झाडल्या आणि नंतर त्या हवेत झाडल्या होत्या असे सांगितले. आसियानच्या पाच कलमी सहमतीत २०२१ पासून मानवतावादी मदत हे एक कलम आहे, पण ती मदत प्रत्यक्षात जाते नेपिडोतल्या लष्करी राजवटीच्या परवानगीने. आपले लष्करी रुग्णालय मंडालेत उत्तम चालले, ८० जणांचे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे पथक ढिगारे उपसत होते. त्या माणसांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण मदत सुपूर्द झाली ती एका पक्षाच्या हाती.

सार्वभौम सरकारशीच व्यवहार करायचा, हे आपल्या परराष्ट्र धोरणाचे जुने सूत्र आहे, आणि आपल्या ईशान्येकडे पाहता त्यामागचे कारणही उघड आहे. उद्या कोणी परदेशी सरकार मणिपूरमधल्या एखाद्या सशस्त्र गटाला तांदूळ देऊ लागले तर आपण काय म्हणू? आक्षेप खरा आहे. पण दिल्ली हे सूत्र नेहमी पाळते असेही नाही. म्यानमारमधल्या आपल्या कलादान वाहतूक प्रकल्पाच्या मार्गावरचे पलेतवा जानेवारी २०२४ पासून अराकान आर्मी या बंडखोर गटाच्या ताब्यात आहे. तिथला रस्ता पुरा करायचा तर कोणाशी बोलावे लागेल हे आपल्या मंत्रालयाला पक्के ठाऊक आहे. रस्त्यासाठी ज्याच्याशी बोलणे चालते त्याच्याशी औषधांसाठी बोलणे चालू नये, यात तर्क दिसत नाही. आणि बोलणे म्हणजे मान्यता नव्हे, पैसा देणे तर नव्हेच. कोणत्या गावात काय हवे, याची यादी ते गाव ज्यांना मानते त्या माणसांकडून घेणे एवढेच मागतो आहे. विहार, चर्च, मशिदी, गावचे दवाखाने हे तिथे आहेतच. मिझोराममधल्या चर्चनी आणि तरुणांच्या संघटनांनी चिन निर्वासितांना वर्षानुवर्षे सांभाळले आहे. कोणावर विश्वास ठेवावा आणि कोणावर नाही, हे त्यांना दिल्लीपेक्षा बरे कळते.

मला त्यासाठी नवे खाते नको, परिषद तर नकोच. २०१२ पासून मंत्रालयात विकास भागीदारी प्रशासन आहे. जिथे लढाई थांबलेली नाही किंवा नुकती थांबली आहे तिथे मदत पाठवताना कोणते नियम पाळायचे, याचा छोटा कागद त्याने तयार करावा आणि तो लोकांपुढे ठेवावा. पहिल्या दहा दिवसांत, सगळ्यांच्याच मनात थोडी लाज असते तोवर, जिल्हा पातळीवरच्या याद्यांची पद्धत मागून घ्यायची. देशपातळीवरच्या कराराची वाट पाहायची नाही. लढणाऱ्या दोन पक्षांखेरीज तिसरे कोण तिथे राहते हे विचारल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. घर युद्धाने पडले की निसर्गाने, यावरून अनुदान बदलायचे नाही. जपान, आसियान, युरोपीय संघ यांच्या बैठकीत बसायचे, आणि बैठक अशा गावी घ्यायची जिथे ज्यांना बोलवायचे ते सगळे येऊ शकतील. या शेवटच्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही.

आणि हिशेब. ५ एप्रिल २०२५ ला आयएनएस घडियाल तिलावा बंदरात ४४२ टन तांदूळ, तेल, नूडल्स आणि बिस्किटे घेऊन पोहोचले. ते धान्य बंदरावरून पुढे कोणत्या टाउनशिपांत गेले, कोणाच्या यादीने गेले आणि जिथे गेले नाही तिथे का गेले नाही, याचे निवेदन आपण संसदेच्या पटलावर ठेवावे, अशी विनंती आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक मराठी करदाता